डुलणारा पाढा

रोज शाळेआधी मी मशिदीच्या मदरशात जायचे. मौलवीसाहेबांसमोर आम्ही सगळी मुलं पुढे-मागे डुलत मोठ्याने वाचायचो. डुललं की शब्द आपसूक पुढे सरकायचे.

एकदा शाळेत सतराचा पाढा म्हणतानाही मी तशीच डुलू लागले आणि अख्खा वर्ग खिदळला. एवढं हसण्यासारखं काय होतं? संतापून मी पाढा अर्ध्यावर टाकला आणि खाली बसले. बाईंनी हसणाऱ्यांतल्या दोघांना उभं केलं. दोघंही मध्येच अडकले.

"तिला डुलू दे," बाई म्हणाल्या. "तिचा पाढा पुढे तरी जातो. ऊठ गं, पहिल्यापासून म्हण."

गेल्या महिन्यात चौलला बाईंना भेटायला गेले. त्यांना आता माणसं आठवत नाहीत, मीही आठवले नाही. तिन्हीसांजेला सुनेने देवापुढे दिवा लावला, तशा बाई स्तोत्र म्हणू लागल्या आणि एका ओळीवर अडकल्या. पुन्हा पुन्हा तिथेच. सून आत गेली होती, आणि मला ते स्तोत्र कुठून येणार?

मी त्यांच्यासमोर बसून नुसती डुलू लागले. माझ्याकडे बघत बघत बाईही डुलायला लागल्या, आणि पुढची ओळ आली.