दाजींचा आवाज तेवढा येत नाही

माझ्या धंद्यात भूत असतं, फक्त त्याला आम्ही लूज कॉन्टॅक्ट म्हणतो. घोडेगावला एसटी स्टँडजवळ माझं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान आहे. ‘आपोआप चालू होतो’, ‘मधेच कोणीतरी कुजबुजतं’ असं म्हणून लोक सेट घेऊन यायचे, आणि दरवेळी कुठेतरी सुटलेलं सोल्डर नाहीतर फुगलेला कंडेन्सर निघायचा. त्यामुळे इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते जरा हसतच. आज स्वतःचा लिहितोय, कारण यातला कंडेन्सर मला अजून सापडलेला नाही...

घर आमचं शिनोलीला. आई-वडील, मी आणि माझ्याहून मोठी सुनंदाताई. ताई कॉलेजात असताना तिला टायफॉइड झाला. ताप लांबला, आणि उतरला तेव्हा कान गेले होते. अगदी ठार बहिरी नाही, पण कानाशी ओरडावं लागायचं, आणि तेही नुसतं घुमल्यासारखं यायचं, आवाज कोणाचा ते कळायचं नाही. एका शिबिरात मिळालेलं मशीन नुसतं शिट्टी मारायचं. पुण्याचं चांगलं मशीन तेव्हा आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

मग सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास मीच तिला एक बनवून दिलं. साबणाच्या डबीत छोटा अँप्लिफायर, पुढच्या बाजूला माईक, नऊ व्होल्टची बॅटरी आणि वॉकमनचा हेडफोन. डबी गळ्यात अडकवायची. पहिल्यांदा लावलं तेव्हा आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ताई म्हणाली, “आई, तुझ्या बांगड्या वाजतायत.” आईचे हात तसेच पिठात राहिले.

काही महिने डबी झकास चालली. ताई बाजारात जायला लागली, शेजारणींशी बोलायला लागली. आणि मग तिला बघायला डिंभ्याहून पाहुणे आले. मुलगा रामदास — धरणावर मासेमारी, जोडीला थोडी शेती. ऐकू कमी येतं हे आम्ही आधीच सांगितलं होतं.

मुलाच्या आईनं काही विचारलं, ताईनं उत्तर दिलं. मामानं विचारलं, त्यालाही दिलं. मग मुलगा काहीतरी बोलला, आणि ताईनं माझ्याकडे बघून हेडफोनवर बोट टेकवलं. आवाज बंद.

मी डबी हलवली, जॅक फिरवला. “आता येतोय का?”

“तुझा येतोय की.”

मुलानं परत विचारलं, “कितवीपर्यंत शिकलात?” परत बंद. सगळ्यांसमोर माझी मान खाली गेली. तो मात्र हसला आणि स्वतःच्या कपाकडे बोट दाखवून हातानंच विचारलं — साखर जास्त झालीय का? ताईही हसली.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, “माझ्याशी बोलताना ज्याच्या मानेच्या शिरा ताणल्या नाहीत, असा हा पहिलाच माणूस. मला पसंत आहे.”

त्याच आठवड्यात मी डबी उघडून जॅक बदलला, वायर बदलली, सगळं सोल्डर नव्यानं मारलं. दुकानात रेडिओ लावून तपासलं, आवाज एकदाही तुटला नाही. लग्न झालं. पुढच्या वेळी ताई माहेरी आली ती डबी हातात घेऊनच.

“अरे, घरात सगळ्यांचं ऐकू येतं. सासूबाईंचं, शेजारच्या पोरांचं, एसटीच्या हॉर्नचं... फक्त हे बोलायला लागले की बंद. यांचं बोलणं संपलं की परत चालू.”

मी मीटर आणि सोल्डरिंग गन घेऊन डिंभ्याला गेलो. दुपारची वेळ. दाजी ओट्यावर जाळं उकलत बसले होते. हेडफोन मी माझ्या कानावर लावला, बाहेरचं थेट येऊ नये म्हणून वरून टॉवेल घट्ट बांधला. हे नीट लक्षात घ्या — माझे कान चांगले आहेत. चुलीतल्या लाकडांची तडतड येत होती, आतून ताईच्या सासूबाई बोलत होत्या, तेही येत होतं. मी दाजींना म्हटलं, “बोला काहीतरी.”

त्यांचे ओठ हलले आणि सगळं गेलं. नुसता त्यांचाच आवाज नाही — तडतड, सासूबाई, हेडफोनमधली बारीक खरखरसुद्धा. ओठ थांबले, सगळं परत आलं.

बॅटरीवर मीटर लावला. नऊ व्होल्ट, काटा जागचा हलला नाही. आउटपुटवर लावला — ते बोलले की शून्य. टाळी वाजवायला सांगितली, ती आली. खोकायला सांगितलं, बंद. मग म्हटलं, घराच्या मागं जा आणि वाटेल तेव्हा बोला, मला कळू देऊ नका. ते गेले. सासूबाई मला काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात त्यांचे शब्द मधेच नाहीसे झाले. मी हेडफोन काढला तर मागून दाजींचं बोलणं ऐकू येत होतं.

सासूबाई म्हणाल्या, “आवो, त्याचा आवाज पाण्याच्या पल्याड जातो. सगळी धरणावरची वळखत्यात. आन् ह्या डबीला कसा काय चालंना?”

दाजी परत येऊन बसले. “पावणं, माझ्यातच काय खोट हाय का?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

दुसरा अँप्लिफायर बनवला, वेगळा आयसी घालून, वेगळा माईक लावून. तेच. दाजींचा आवाज कॅसेटवर भरला. टेपच्या स्पीकरवर स्वच्छ ऐकू आला. तोच टेप वायरनं डबीला जोडला, तर त्यांच्या बोलण्याच्या जागी शांतता, आणि त्यापुढे मी भरलेलं माझं बोलणं व्यवस्थित. दुकानात खुर्चीवर बसून मी ती कॅसेट पुन्हा पुन्हा उलटी-सुलटी करत होतो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी नंतर या म्हटलं. माझं डोकंच चालेना.

सासूबाईंनी देवऋषी केला, उतारा टाकला. मी विरोधही केला नाही. माझ्याकडे दुसरं काय होतं सांगायला?

ताईला मुलगी झाली. तिचं रडणं, तिचे बोबडे बोल, सगळं ताईला डबीतून ऐकू आलं.

पुढे, दोन हजार चार-पाचच्या आसपास, आम्ही तिला पुण्याला नेलं आणि कानात बसणारं चांगलं मशीन घेतलं. मला वाटलं, सुटलो. डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं, “ऐकू येतंय?” ताईनं हो म्हटलं. बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न येतात म्हणाली. मग दाजी पुढे झाले. वाकून म्हणाले, “सुनंदा.”

ताई माझ्याकडे बघायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी मशीन दोनदा तपासलं, काहीच दोष नाही म्हणाल्या. म्हणजे खोट माझ्या डबीत नव्हती. दाजींमध्ये म्हणावी तर फोनवर मला त्यांचा आवाज खणखणीत येतो. ताईमध्ये म्हणावी, तर त्या दुपारी हेडफोन माझ्या कानावर होता. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. मी माझ्याकडून सगळं करून बसलोय.

मागच्या उन्हाळ्यात डिंभ्याला गेलो होतो. ताईनं विचारलं, “यांचा आवाज कसा आहे रे?”

जाडसर आहे, म्हटलं. थोडा वडलांसारखा. नाही, तसाही नाही... मला सांगताच येईना. दाजी बाजूलाच बसले होते. मला म्हणाले, “तिला एक सांगा. पाण्यावरनं आलो की मी रोज अंगणातनं हाक मारतो. तिला ऐकू जात नाय, म्हाईत हाय. पर सवय लागली.”

मी ताईला सांगितलं.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “अंगणातल्या कोंबड्या, वारा, सगळं एकदम बंद होतं. मग मी चहा ठेवते.”

दाजी म्हणाले, “मंग हाक मारीतच जाईन.” तेही मी तिला सांगितलं. एवढी वर्षं सर्किटं दुरुस्त करून या दोघांसाठी मला एवढंच करता येतं. असं का होतं, ते अजूनही कळलेलं नाही.