पात्याला वाहिलेलं कुंकू

झेंडूचा वास आला की मला वाळूजच्या ऑफिसातली ती खंडेनवमी आठवते. गॅस टर्बाइनची पाती डिझाइन करणाऱ्या टीमचा मी प्रमुख होतो. मशिनं सगळी खाली वर्कशॉपमध्ये, आमच्याकडं नुसते कॉम्प्युटर, म्हणून पूजेला एक नवं कोरं पातं मांडलं. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या डिझायनरनं त्यावर मूठभर हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर तपासणीत त्याच पात्यातून हवा पुरेशी जाईना. पातं गार राहावं म्हणून हवेसाठी त्यात बारीक छिद्रं असतात, ती टीममधल्या नव्या मुलीनं ड्रॉइंगमध्ये काढलेली. ते जुने डिझायनर म्हणाले, “मी आधीच म्हणलो होतो, छिद्रं लई बारीक झालीत.” मी ड्रॉइंग बदलायच्या तयारीला लागलो. तेवढ्यात तिनं पातं पांढऱ्या कागदावर धरून हवेचा झोत मारला. कागद लाल-पिवळा झाला. “काका,” ती शांतपणे म्हणाली, “छिद्रं बरोबरच हैत. कुंकू लई झालं.” सगळे हसले, काका जरा उशिरा. आता टीम ती चालवते. यंदाही पूजा झाली, पण पातं डब्यात बंद होतं. कुंकवाचं एकच बोट तिनं लावलं, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, तिच्या सहीशेजारी.