देवळाची घंटा आणि माझी कंट्रोल रूम

सर्व ग्रामस्थ, पैपाहुणे, शनिवार-रविवारचे बंगलेवाले आणि होतकरू चोर यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वलवण धरणाच्या अंगाला असलेल्या आमच्या आळीतून गुन्हेगारी कायमची हद्दपार झालेली आहे. ही घोषणा आमच्या सुरक्षा समितीच्या अध्यक्षांनी देवळासमोर नारळ फोडून केली. कॅमेऱ्याच्या वायरी जोडायच्या तेव्हा बाकी होत्या. पण अध्यक्षांचा आवाजच असा लागला होता, की वायरींची गरज कुणाला वाटली नाही.

मी त्या समितीची सभासद नव्हते. माझा मान त्याहून मोठा. मी कंट्रोल रूम होते! माझी पिठाची गिरणी आहे. कॅमेऱ्याचा पडदा कुठे ठेवायचा यावर बरीच भांडणं झाली आणि शेवटी तो माझ्याकडे आला. "प्रत्येक घरातलं माणूस दळण घेऊन इथं येतंच," अध्यक्ष म्हणाले. "येता-जाता पडदा बघेल. आपोआप जनजागृती." जनजागृती झाली हो, झाली नाही असं नाही. कुणाची सून बाहेरून पोळ्या विकत आणते, कोण देवाला हात जोडायच्या आधी कुणाच्या खिडकीकडे बघतो, याबाबत आमची आळी इतकी जागृत कधीच नव्हती. दळण झालं तरी बायका डबे उचलेनात.

कॅमेरा देवळाच्या ओट्यावरच्या खांबाला होता. खरं तर तो उंच लावायचा, पण उंचावर देणगीदारांच्या नावांची पाटी आली. पाटीचा मान मोठा, म्हणून कॅमेरा खाली सरकला. इतका खाली, की ओट्यावर उभं राहिलेल्या माणसाने त्याचा गालगुच्चा घ्यावा.

पोलिसांचं सहकार्य हवं, म्हणून उद्घाटनाला आमच्या भागाच्या हवालदार मॅडमना बोलावलं होतं. सडसडीत, कमी बोलणारी बाई. बोलायची संधी तिला मिळालीही नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, अध्यक्षांचं भाषण झालं, त्या भाषणाबद्दल अध्यक्षांचे आभार मानणारं भाषण झालं. शेवटी गाडीला किक मारता मारता ती ओरडली, "कॅमेऱ्याची काच पुसत जा! एवढंच सांगायला आले होते!"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. ज्याच्यावर पोट चालतं त्याला नमस्कार करायचा, ही आमची रीत. मीही गिरणीच्या जात्याला हार घातला. दुपारनंतर बघते तर पडदा पिवळा-तांबडा झालेला. पीठ बसलं असेल म्हणून पदराने पुसला. मग ओल्या फडक्याने. मग अध्यक्षांना बोलावलं.

अध्यक्षांनी मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. "संध्याकाळचा उजेड आहे, ताई. भारी कॅमेरा आहे. रंग सगळे पकडतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी सकाळचा उजेड."

दसऱ्याच्या सकाळी लोक आरतीला गेले, तर देवळातली घंटा गायब. चांगली पितळेची, जुनी, आवाज धरणापलीकडे जाईल अशी. आरती ताटावर चमचा वाजवून उरकली. सोनं वाटायच्या आधीच चोर ठरलासुद्धा. एका बंगल्याची राखण करणारे भाऊ नवमीच्या संध्याकाळी स्कूटरवर पोतं घेऊन लोणावळ्याकडे जाताना दिसले होते, आणि पोत्यातून खणखण आवाज येत होता. अहो, बंगल्याचे जुने नळ होते ते. मालकानेच भंगारात घालायला सांगितलेले. भाऊंनी हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं.

सगळ्यांत मोठ्ठा आवाज अध्यक्षांच्या आईचा. त्यांना सगळी आळी मावशी म्हणते. मावशी माझ्या गिरणीत ज्वारीच्या पोत्यावर बैठक मारायच्या आणि दळण संपेपर्यंत चोराला शिव्या द्यायच्या. "देवाच्या घंटेला हात लावला मेल्यानं! झडतील ते हात! कोपरापासून झडतील!" हात कुठून झडणार हे त्या स्वतःच्या कोपराला हात लावून दाखवायच्या.

हे सगळं मी मजेत बघत होते, खोटं कशाला बोलू. पण एका सकाळी भाऊ दळण न घेताच आले आणि पोत्याच्या कडेला टेकले.

"ताई, मालकाचा फोन आलता. म्हनला, नळाचं मीच सांगितलं व्हतं, पर घंटेचं मला ठाव न्हाई. गाव तुला चोर म्हनतंय म्हनल्यावर बंगला कसा सोपवू? रविवारी येतोय. संगं दुसरा मानूस घिऊन येतोय."

"आणि तुम्ही?"

"आमी खोली खाली करायची. पोरीची परीक्षा हाय, तिला अजून सांगितलं न्हाई."

बंगल्यामागच्या त्या खोलीत भाऊंचा सगळा संसार होता. पेरूचं झाडही त्यांनीच लावलेलं. कमरेला कायम असणारा किल्ल्यांचा जुडगा त्या दिवशी नव्हता. चौकशी होईपर्यंत अध्यक्षांनी तो स्वतःकडे जमा करून घेतला होता. भाऊंचा हात बोलता बोलता सारखा कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मला हसू येणं बंद झालं. मी हवालदार मॅडमना फोन लावला. आळीतल्या कुणीही तोवर हे केलं नव्हतं, कारण सत्कारासाठी शाल आणायची राहिली होती.

शनिवारी मॅडम आल्या. गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष शाल घेऊन पुढे सरसावले. मॅडमनी ती घेतली आणि गल्ल्यावर ठेवली. पडद्याकडे बघितलं, मग देवळाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा बोटाचं टोक पिवळं-तांबडं.

"हा तुमचा संध्याकाळचा उजेड," त्यांनी बोट अध्यक्षांच्या नाकासमोर धरलं. "काच पुसत जा म्हटलं होतं ना?"

"पुसतो ना, मॅडम!" अध्यक्ष माझ्याकडे वळले. "ताई, पडदा पुसत होता की नाही रोज?"

"मागचं काढा," मॅडम म्हणाल्या.

"मागचं कुठलं? गेलं ते गेलं."

आमच्या समितीला कॅमेरा बघतो हे माहीत होतं. तो बघितलेलं साठवूनही ठेवतो, हे कुणीच विचारलं नव्हतं. पडद्याखालचा डबा हवा गरम करण्यासाठी आहे अशी समजूत होती, आणि मी त्याच्यावर माझी चपाती ठेवत असे. मॅडमनी डबा उघडून दोन-चार बटणं दाबली. पिवळा-तांबडा दसरा भरभर उलटा गेला आणि नवमीची लख्ख दुपार पडद्यावर उभी राहिली. रिकामा ओटा. ऊन. एक कुत्रं.

"चोर दिसू दे मेला," मावशी पोत्यावरून म्हणाल्या. "हात बघते त्याचे."

पडद्यात एक पदर आला. मग त्या पदराच्या आत मावशी आल्या. ओट्यावर चढल्या, कॅमेऱ्याकडे मायेने बघितलं आणि हात जोडले. चेहरा इतका जवळ, की नथीतला खडा मोजावा. ओठ पुटपुटत होते. लेकाने एवढा पहारेकरी आणला, त्याची पूजा नको का? उजव्या हाताची हळदीची बोटं पुढे आली.

"थांबवा," मी म्हटलं. चित्र थांबलं.

मावशींच्या डाव्या काखेत, पदरात गुंडाळलेली, लोलक खाली लोंबतोय अशी घंटा होती. दसऱ्याला घरची भांडी चिंचेने घासतात, तशी देवाची घंटाही लखलखीत करून आणू, या भक्तिभावाने काढलेली. जाता जाता पहारेकऱ्यालाही दोन बोटं लावली, आणि त्याचे डोळे बंद केले.

अध्यक्ष शालीची घडी घालत होते. घडी घातलेल्या शालीची परत घडी.

भाऊ गर्दीतून पुढे आले. अध्यक्षांच्या समोर हात पसरून उभे राहिले. अध्यक्षांनी खिशातून किल्ल्या काढल्या. भाऊंनी जुडगा कमरेला अडकवला, हाताने एकदा चाचपला, आणि मॅडमना म्हणाले, "मालकाला जरा तुमीच सांगता का, बाई? माझं ऐकायचा न्हाई." मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून आवाज येत होता, की दुसऱ्या माणसाला सोमाटण्याहून आणायचं होतं, त्याला आता नको म्हणून कळवतो.

मग मॅडम पोत्याकडे वळल्या. "मावशी, घंटा कुठे आहे?"

"मागल्या दारी. बादलीत. चिंचेच्या पान्यात. वर घमेलं ठेवलंय." मावशी उठता उठता पुन्हा बसल्या. "दसऱ्याला परंदवडीला दिलेली लेक आली, जावई आला, पुरनाच्या नादात ऱ्हाऊनच गेलं बघा."

"अगं पण आई," अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला, "इतके दिवस घंटा चोरीला गेली म्हणून सगळ्यांत जास्त शिव्या तूच देत होतीस!"

आमच्या देवळात घंटा एकच. आळीत देऊळ एकच. मावशींनी साऱ्या गिरणीवरून नजर फिरवली, आणि भाबडेपणाने मोठ्यांदा म्हणाल्या,

"मला वाटलं, तुमी दुसऱ्या घंटेचं म्हनताय!"