ओढ्यावरची शीळ

वडगावात माझ्या माहेरी घरभर माग. दिवसभर खटखट आणि माणसांची ये-जा. लग्न होऊन कणकुंबीच्या अलीकडच्या जंगलचौकीवर आले तेव्हा मी सतरा वर्षांची. नवरा सांबरा गावचा, माळावरचा. गार्डाच्या नोकरीला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. लढाईचे दिवस, लाकडाची मागणी वाढलेली. तीन-तीन दिवस तो तोडीवर असायचा. सगळ्यात जवळचं घर कोसभर लांब. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही.

पावसाळ्यात एका पहाटे ओढ्याकडून शीळ ऐकू आली. कोणी रमतगमत चाललाय, गाण्याची चाल अर्धी आठवतेय, अर्धी विसरतोय, अशी. मी कडी लावून घेतली. दुसऱ्या पहाटेही तीच शीळ. दाराच्या फटीतून बघितलं, तर वाट मोकळी.

नवरा आल्यावर त्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"कोण हाय त्यो?"

"दिसला न्हाय. नुसती शीळ येती."

"तू हाक मारलीस?"

"न्हाय."

त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. ते मला लागलं. उजाडायच्या आत तो काठी घेऊन ओढ्याकडं निघाला, मी मागोमाग. शीळ आली तसा तो ओरडला, "कोण रं त्यो?"

शीळ थांबली. दगडावरून एक काळं पाखरू उडालं आणि पलीकडच्या दगडावर बसलं. उजेडात त्याच्या खांद्याचा निळा रंग चमकला. शेपटी पसरून त्यानं पुन्हा तीच चाल धरली.

"पाखरू हाय की गं," नवरा म्हणाला आणि हसत सुटला. मीही हसले. दुपारी तो गेला. मग मात्र घर खायला उठलं. भीती होती तोवर रानात कोणीतरी माणूस होता. आता तोही नव्हता.

मी रोज पहाटे इरलं घेऊन ओढ्यावर बसू लागले. धबधब्याशेजारच्या कपारीत शेवाळाचं घरटं सापडलं. दोन्ही पाखरं खेकडे दगडावर आपटून पिलांना भरवायची. मी आले तरी उडेनाशी झाली.

श्रावणात दोन दिवस झड लागली. ओढा कपारीच्या वर चढला. पाणी उतरल्यावर गेले तर घरटं नव्हतं. एक पाखरू चोचीत किडा धरून दगडावर बसलं होतं. ते शीळ घालत नव्हतं, किडाही टाकत नव्हतं. दुपारपर्यंत मी तिथंच होते.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा वाटलं, हसेल. तो भिजत ओढ्यावर जाऊन आला. "खरंच काय न्हाय ऱ्हायलं," एवढंच बोलला.

तेव्हापासून घरी आला की तो विचारायचा, "काय दिसलं?" मी शेकरू सांगायचे, धनेशाची जोडी सांगायचे. तो लक्ष देऊन ऐकायचा. पण तो यायचा तिसऱ्या दिवशी. तोवर पहिल्या दिवशीचं बरंचसं मी विसरून गेलेली असायचे.