गुण्याच्या कोपऱ्यातलं कारण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे सुतारकामाचं दुकान आहे, ते चालवणाऱ्या बाईंना सगळे सुतारताई म्हणतात. त्यांचा नवरा दवाखान्यात कंपाउंडर. भुसा उडाला की त्याला शिंकांवर शिंका येतात, म्हणून सासऱ्यांनी आपली विद्या मुलाऐवजी सुनेला दिली. "रंधा धरायला मिशी लागत नाही," असं ते नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकांना सुनावायचे. हल्ली त्यांचे हात थरथरतात. ते स्टुलावर बसून सुनेच्या चुका काढतात, आणि त्या कामात त्यांचा हात अजून पक्का आहे.

ताईंची शाळा नववीतच सुटली होती. भूमितीत नापास झाल्या आणि वडिलांनी नाव काढून टाकलं. प्रमेयं पाठ करायची म्हटलं की त्यांच्या डोक्यात नुसतं धुकं व्हायचं. पण लाकडात त्यांचं डोकं लख्ख चालायचं. गोल फळीचा मध्य शोधायची सासऱ्यांची युक्ती त्या पहिल्याच दिवशी शिकल्या. गुण्या, म्हणजे सुताराचं काटकोनी माप, त्याचा कोपरा फळीच्या काठावर टेकवायचा. त्याच्या दोन बाजू काठाला जिथे कापतात, ते दोन बिंदू रेघेने जोडायचे. गुण्या सरकवून पुन्हा तसंच करायचं. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य.

"असं का होतं, बाबा?" त्यांनी विचारलं होतं.

"लाकडाला विचार. मला माझ्या बापानंही सांगितलं नव्हतं."

तो प्रश्न वीस वर्षं तसाच राहिला. मग वाचनालयाचं काम आलं. तिथल्या जिन्यातली गोल खिडकी वादळात कोसळली होती. गवंड्याने भोवतालची भिंतही उतरवली होती आणि त्याला आधी चौकट हवी होती. माप कुठेच लिहिलेलं नव्हतं. जुन्या चौकटीचा हातभर लांबीचा वाकडा तुकडा तेवढा उरला होता. एवढ्याशा तुकड्यावर गुण्याची युक्ती चालेना. सासरे म्हणाले, अंदाजाने कापू, चुकलं तर पुन्हा कापू. ताईंना ते पटलं नाही.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर गणिताच्या निवृत्त बाई राहतात. ताई तुकडा काखेत मारून त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. बाईंनी तो कागदावर ठेवून त्याचा काठ आखला आणि त्यावर तीन खुणा करायला सांगितल्या. खुणा जोडल्या तर एक चपटा त्रिकोण झाला. मग बाईंनी त्याच्या दोन बाजूंच्या बरोबर मधून काटकोनात रेघा काढायला लावल्या. रेघा कागद ओलांडून टेबलावर गेल्या, टेबल संपलं तेव्हा फरशीवर उतरल्या आणि तिथे एकमेकींना भेटल्या. हरवलेल्या खिडकीचा मध्य बाईंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ निघाला.

ताई खडू हातात धरून तिथेच बसून राहिल्या. नववीत जे धुकं होतं, ते हेच होतं यावर त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी गुण्याची गोष्ट काढली आणि कारण विचारलं. बाईंनी ते सांगितलं नाही. "वर्तुळात असा त्रिकोण काढ, की त्याचे तिन्ही कोपरे काठावर असतील आणि एक बाजू मध्यातून जाईल. समोरचा कोन काटकोनच का होतो, ते मला येऊन सांग," एवढंच म्हणाल्या.

खिडकी चार दिवसांत बसली. त्रिकोण मात्र आठ दिवस बसेना. नवव्या दिवशी दुपारी पॉलिश पेपर घासता घासता ताईंनी फळीवर काढलेल्या त्या त्रिकोणात मध्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली आणि त्यांचा हात थांबला. ही रेघ म्हणजे त्रिज्या, आणि तळाचे दोन्ही तुकडेही त्रिज्याच. तिन्ही सारख्या. म्हणजे एका त्रिकोणाचे दोन समद्विभुज त्रिकोण झाले. रेघेने वरचा कोन दोन तुकड्यांत वाटला होता, आणि ते दोन्ही तुकडे तळाच्या दोन टोकांना जसेच्या तसे होते. तिन्ही कोन मिळून एकशे ऐंशी. म्हणजे वरचा एकटा त्यांच्या निम्मा, नव्वद.

हातातला भुसाही न झटकता त्या जिना चढल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर. पण हे अर्धंच झालं. तू मध्यातून निघालीस आणि काटकोनावर आलीस. तुझ्या गुण्यात काटकोन आधी असतो. तिथून मध्य कसा येतो?"

ताई तोंड पाडून खाली आल्या आणि सासऱ्यांना सगळं सांगितलं. म्हातारा आकृतीवर वाकला. मग थरथरत्या बोटाने त्याने हवेत दोन रेघा ओढल्या.

"चौकट पुरी कर की."

ताईंनी काटकोनाच्या त्रिकोणाला तसाच दुसरा जोडला, आणि आयत झाला. चौकट काटकोनात आहे का, हे सुतार तिचे दोन्ही कर्ण मोजून बघतो. ते सारखे असतात आणि बरोबर मध्यावर एकमेकांना कापतात. म्हणजे तिथून चारही कोपरे सारख्याच अंतरावर. तोच वर्तुळाचा मध्य. साठ वर्षं सासरे हे दोन्ही हिशेब रोज करत आले होते, फक्त दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

"माझ्या बापाला आवडलं असतं हे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

बाईंनी ताईंना दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसवलं. पहिल्या खेपेला त्या इतिहासात गेल्या. दुसऱ्या खेपेला सगळे विषय सुटले. गणितात एक्क्याहत्तर मिळाले, बाकी काही विषय काठावर. नवऱ्याने गुणपत्रिका दवाखान्यात नेली आणि औषधाबरोबर प्रत्येकाला दाखवली.

हल्ली दुकानात एक प्लायवूडची फळी काळी रंगवून भिंतीला ठोकलेली असते. या आठवड्यात तिच्यावर एक चौकोन आहे. त्रिकोण कसाही असो, तिन्ही कोपरे काठाला टेकून तो वर्तुळात बसतोच. मग चौकोन बसेल का, यावर सासऱ्या-सुनेची जुंपली आहे. सासरे म्हणतात, थोडं ठोकलं तर बसेल. ताई म्हणतात, समोरासमोरच्या कोनांत काहीतरी आहे, पण अजून सापडलेलं नाही. वरच्या बाईंना विचारायचं नाही, एवढं मात्र दोघांचं ठरलं आहे.