गाईचा आवाज लिहून कसा सांगायचा?

मंडळी, आज संध्याकाळी के. आर. पुरममधल्या खेळण्यांच्या दुकानात लेकासाठी आवाजाचं पुस्तक बघत होते, बटण दाबलं की प्राणी ओरडतात तसलं.

शेजारी एक बाबा दीड-दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभे होते. त्यांनी मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, "मला ऐकू येत नाही, मुलीला येतं. यातलं कर्कश नसलेलं कुठलं?"

मी एकेक वाजवून पाहिलं. दोन फारच किरकिरी निघाली. तिसरं बरं होतं, ते त्यांना दिलं. त्यांनी गाईचं बटण दाबलं आणि लेकीचा चेहरा बघत राहिले. ती हसली, म्हणाली, "अंबाऽऽ". इथे कन्नड घरांतली गाय असंच हंबरते.

त्यांनी टाइप केलं, "म्हणजे गाय कसा आवाज करते?"

मी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी त्यांनीच तळहात लेकीच्या पाठीवर ठेवला आणि पुन्हा बटण दाबलं. ती पुन्हा "अंबाऽऽ" म्हणाली. त्यांचा चेहरा असा खुलला की मला काही लिहायची गरजच उरली नाही.

तरी घरी येईपर्यंत शब्द शोधत होते. तुम्ही काय लिहिलं असतं?