एकामागे एक दोन गाड्या

अकोल्यातल्या आमच्या जुन्या लेआउटमध्ये तिचं घर आणि माझं घर शेजारी शेजारी होतं. मध्ये छातीएवढी भिंत. ती उंच करून घ्यावी असं दोन्ही घरच्या पुरुषांना अधूनमधून वाटायचं. आम्हा दोघींना कधी वाटलं नाही. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी यायचा त्या दिवशी जी आधी उठायची ती भिंतीवरून हाक मारायची. भरताची वाटी, अंबाडीची भाजी, विरजण, कूलरच्या टाकीत पाणी टाकायचा पाइप, सगळं त्या भिंतीवरून जायचं यायचं. लेकरं तर फाटकातून कधी गेलीच नाहीत.

बिल्डर आला तो आधी तिच्याकडे. तिचा प्लॉट एकटा त्याला पुरत नव्हता, आमचाही पुरत नव्हता. दोन्ही मिळाले तर नऊ मजले चढत होते. माझं मन होत नव्हतं. ती भिंतीला टेकून मला समजवायची.

"तुले सांगू काय, मले आता हे घर आवरनं होत नाही. पावसाळा आला की गच्ची गळते. लेकरं पुन्यात. कोनासाठी सांभाळून राहिलो आपन? लिफ्टनं वर जाऊ, दार लावलं की झालं. तू हो म्हण. तू नाही म्हटलं तर माह्या प्लॉटवर त्याचं काही होत नाही."

"अन् आपलं बोलनं?"

"एकाच बिल्डिंगीत तर राहू वं. जास्तच होईन."

मी हो म्हटलं. माझ्या यजमानांना तर हवंच होतं. सरकारी नोकरीतून सुटल्यावर त्यांनी हौसेनं गाडी घेतली होती आणि ती गल्लीत उन्हात उभी असते याचंच त्यांना दुःख होतं. बिल्डरच्या ऑफिसात टेबलावर बिल्डिंगीचा पुठ्ठ्याचा नमुना ठेवला होता. खाली खांबांच्या मधे खेळण्यातल्या गाड्या ओळीनं लावल्या होत्या. यजमान वाकून त्याच बघत होते.

बिल्डिंग होईपर्यंत आम्ही शहराच्या एका टोकाला भाड्यानं राहिलो, ती दुसऱ्या टोकाला. फोनवर बोलायचो. दोघी मोजत होतो, आता कितवा स्लॅब पडला म्हणून. शेवटी ताबा मिळाला. तिनं हवा येते म्हणून सहावा मजला घेतला. वीज गेली तर जिना उतरता यावा म्हणून आम्ही दुसरा. समोरून सगळी काच आहे. पश्चिमेचं ऊन त्या काचेवर पडलं की हॉलमध्ये चार वाजल्यानंतर बसवत नाही, पडदे ओढून घ्यावे लागतात. पण ते पुढे कळलं.

पार्किंग मात्र पहिल्याच दिवशी कळलं. वरचे मजले डॉक्टर, व्यापारी अशा लोकांनी घेतले होते, घरटी दोन दोन गाड्या. आमच्या दोन्ही घरांच्या वाट्याला मागच्या भिंतीजवळची एक लांबट जागा आली होती. पिवळ्या पट्ट्यात दोन्ही फ्लॅटचे नंबर, एक आत, एक बाहेर. दोन खांबांच्या मधे गाड्या एकामागे एक लावायच्या.

यजमान म्हणाले, "आतली गाडी काढाची कशी?"

बिल्डरचा माणूस हसला. "बाहेरची सरकवायची, काका. तुम्ही दोघं तर घरचेच आहात. परक्या लोकांना अशी जागा देता येत नाही."

तेव्हा आम्ही चौघंही हसलो होतो. तिच्या घरचे, म्हणजे तिचे यजमान, दोन-तीन दिवसांआड तेल्हाऱ्याला शेतावर जात, कपाशी होती त्यांची. आमची गाडी रोज हलायची. म्हणून त्यांची आत, आमची बाहेर असं ठरलं. आमची एक चाबी त्यांच्याकडे दिली. ते सकाळी खाली यायचे, आमची गाडी बाजूला घ्यायचे, आपली काढायचे, आमची पुन्हा जागेवर लावून निघून जायचे. सुरुवातीचे काही महिने कोणाला काही सांगावं लागलं नाही.

बोलणं मात्र कमी झालं. भिंतीवरून हाक मारायला कारण लागत नव्हतं. इथे लिफ्टनं चार मजले वर जायचं, बेल वाजवायची, त्यासाठी गाऊन बदलून साडी नेसायची. दार उघडल्यावर ती म्हणायची, "काय काम काढलं?" ती सहजच विचारायची, पण काही काम नसायचं आणि मला ओशाळल्यासारखं व्हायचं. मग मी काम असल्याशिवाय जाईनाशी झाले. तीही.

एक दिवस आमच्या गाडीच्या डाव्या दारावर खांबाचा ओरखडा दिसला. यजमान ती गाडी रोज फडक्यानं पुसायचे, त्यांना तो लगेच दिसला. तिच्या घरचे खालीच भेटले. ते म्हणाले, "माह्याकडून नाही झालं, भाऊ. झालं असतं तर सांगतलं असतं." खरं असेल. त्या पार्किंगमधून दिवसभर कितीतरी गाड्या मागेपुढे होतात. पण यजमानांच्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्याची गाडी बैलजोडीसारखी हाकू नये."

मी तिथेच होते. संध्याकाळी तिच्या घरचे आमच्या दारात आले. यजमान बाहेर गेले होते.

"वहिनी, ही तुमची चाबी. आता गाडी काढाची असली की फोन करीन."

"असं काय करता, भाऊजी? यांच्या बोलन्याचं काय मनावर घेता?"

"मनावर नाही घेत. पन राहू द्या."

चाबी मी कपाटाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. वाटलं, चार दिवसांत निवळेल, मग मीच वर नेऊन देईन. त्यानंतर दर खेपेला फोन सुरू झाले. भाऊजी निघायच्या आधी फोन करायचे, यजमान खाली जायचे, गाडी काढायचे, दोघं एकमेकांकडे न बघता आपापलं काम करायचे. कधी यजमान आंघोळीला असले की भाऊजी खाली वाट बघत उभे राहायचे. मी बाल्कनीतून बघायची. एकदा तिला म्हटलं, "हे दोघं लहान लेकरावानी करून राहिले." ती म्हणाली, "करू दे. आपन त्याच्यात पडू नोको." आमच्यात भांडण नव्हतं. पण त्या दोघांच्या भांडणाला वळसा घालून बोलायचं म्हटलं की बोलायला थोडंच उरायचं.

मे महिन्यात माझ्या भावाच्या नातवाचं बारसं होतं, अमरावतीला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यजमान हायवेवर गाडी चालवत नाहीत, म्हणून आम्ही आदल्या दिवशी बसनं गेलो. घराला कुलूप. गाडी नेहमीच्या जागी.

बारशाच्या दिवशी सकाळी बायका पाळणा म्हणत होत्या तेव्हा तिचा फोन आला. फार दिवसांनी तिनं आपणहून केला होता. मी अंगणात येऊन उचलला.

"माही आई गेली वं."

तिची आई तेल्हाऱ्याला भावाकडे असायची. आमच्या भिंतीच्या काळात यायची तेव्हा मलाही लेकीसारखं बोलायची.

"कव्हा?"

"पहाटेच. भावाचा फोन आला आताच. तो म्हणते ऊन वाढाच्या आत नेतो, लवकर ये. आमी खाली आलो तं तुमची गाडी उभी आहे. चाबी कोठी आहे तुमची?"

चाबी ड्रॉवरमध्ये होती, ड्रॉवर घरात, आणि घराची चाबी माझ्या पर्समध्ये. मी ते सांगितलं. यजमानांनी माझा चेहरा बघितला, फोन हातातून घेतला आणि बाजूला जाऊन भाऊजींशी बोलू लागले. किती दिवसांनी ते दोघं सरळ बोलत होते!

"काच फोडा, भाऊ. दगड घ्या अन् फोडा. आत हात घालून हँडब्रेक काढा, अन् ढकला."

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. यजमान ऐकत होते, मान हलवत होते. मग हळू म्हणाले, "हो. स्टेअरिंग लॉक आहे. चाकं नाही वळत." आणि पुढे म्हणाले, "मंग आमच्या दाराचं कुलूप तोडा. मी सांगतो ना, तोडा."

कुलूप तोडणारा माणूस आला. बिल्डरनं लोखंडी सेफ्टी दार लावून दिलं होतं आणि त्याचं त्या वेळी आम्हाला कौतुक होतं. त्या माणसानं बराच वेळ खटपट केली. दार उघडलं नाही. दरम्यान तिच्या घरचे भाड्याच्या गाडीसाठी फोन करत होते. लग्नसराई होती, सगळ्या गाड्या वऱ्हाडात. तिनं सहाव्या मजल्यावर दोन बेल वाजवल्या. एका दारातून बाईनं सांगितलं, साहेब ड्यूटीवर आहेत, गाडी घेऊन गेले. दुसरं दार उघडलंच नाही. त्या पार्किंगमध्ये गाड्याच गाड्या होत्या. पण ज्या दारावर हक्कानं जावं असं त्या बिल्डिंगीत तिला एकच होतं, आणि ते आमचं होतं. आम्ही तिकडे अमरावतीला आणि त्या दारावर तो माणूस हातोडी मारत होता.

हे सगळं मला तिनं नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की फोन लागत नाही, आणि लागला की ती म्हणते, "थांब, मंग बोलतो."

शेवटी ते ऑटोनं बस स्टँडवर गेले आणि एसटीनं तेल्हाऱ्याला पोचले. तोवर माणसं मसणातून परत आली होती, आंघोळी करून ओसरीत बसली होती.

आम्ही पाळण्याचं जेवण न घेताच मिळेल त्या बसनं अकोल्याला आलो. यजमान पिशव्या माझ्याकडे देऊन धावत वर गेले, कसंबसं दार उघडून चाबी घेऊन खाली आले, आणि गाडी काढून रस्त्यावर नेऊन उभी केली. मागून निघायला कोणी नव्हतं. तरी काढली. परत येऊन खांबाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आता काय उपेग." मी त्यांना वर चला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्यानं त्याच्या गाडीनं आम्हाला तेल्हाऱ्याला नेलं. ती आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. मला बघून सरकली, जागा केली. मी तिचा हात धरला. तिनं सोडवला नाही, पण तिच्या हातात जोर नव्हता.

"चेहरा नाही दिसला," ती म्हणाली. "मी भावाले म्हटलं थांब. तो म्हणे किती थांबू, ऊन पाह्य. त्याचंही चूक नाही."

बाहेर यजमान भाऊजींसमोर बसले होते. दोघांच्या मधे पाण्याचा तांब्या होता. नंतर मी विचारलं, काय बोलले तुम्ही? ते म्हणाले, "मी माफी मागतली. ते म्हणे, जाऊ द्या."

त्या दिवसानंतर यजमानांनी गाडी त्या जागेत लावली नाही. ती रस्त्यावर उन्हात असते, दुपारी स्टेअरिंगला हात लावता येत नाही. तिकडून आल्यावर भाऊजींनीही आपली गाडी काढली आणि शाळेच्या भिंतीकडे झाडाखाली लावू लागले. ती पिवळ्या पट्ट्यातली जागा दोघांची असून रिकामी राहिली. मग तिथे कोणाच्या मोटरसायकली आल्या, मग एका डॉक्टरांच्या पाहुण्यांची गाडी. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, वापरत नसाल तर दुसऱ्याला द्या. यजमान उठून वर आले.

पावसाळा लागायच्या आधी तिनं सांगितलं, की ते तेल्हाऱ्याला राहायला जात आहेत. शेत तिथे, भाऊ तिथे, इथला फ्लॅट भाड्यानं देणार. मी सामान बांधायला गेले. लोणच्याच्या बरण्या आम्ही जुन्या साड्यांत गुंडाळत होतो. पुरुष खाली टेम्पोपाशी होते. मला राहवलं नाही.

"तुह्या मनात माह्याबद्दल राग आहे काय?"

तिनं बरणी पेटीत ठेवली, वरून चिंधी दाबली.

"तुह्यावर कायचा राग? तुह्यानं काय झालं? चाबी आमच्या यायनं वापस केली, बोलले तुहे घरचे, अन् जागा देल्ली त्या बिल्डरनं. बिल्डिंगीले हो तं मीच म्हटलं होतं सगळ्यांत आधी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन तुले पाह्यलं की मले ते पार्किंग दिसते वं. मी काय करू? मले बरं व्हाले थोडा टाइम लागन."

मी म्हटलं, लागू दे. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर मी दोनदा तेल्हाऱ्याला गेले. ती चांगलं बोलते, जेवू घालते, राहून जा म्हणते. मी राहत नाही. मागच्या वेळी ती मला एसटी स्टँडवर सोडायला आली. बस लवकर लागली नाही. बाकावर बसून आम्ही कपाशीवरच्या रोगाबद्दल बोललो, तिच्या लेकीच्या बाळंतपणाबद्दल बोललो. ती हसलीही एकदा. बस आली तेव्हा गर्दीत शिरून तिनं माझ्यासाठी खिडकीची जागा धरली, मला बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली आणि खाली उतरली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. तिनंही हात वर केला. पण बस निघेपर्यंत ती थांबली नाही. पदर डोक्यावर घेतला आणि उन्हातून भराभर घराकडे निघाली.